आदल्या दिवशी भरलेला तक्ता

आमचे भावजी खोटं बोलत नाहीत. फक्त लिहितात, आणि तेही कामाचा भाग म्हणून.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात ते सव्वीस वर्षं ऑपरेटर आहेत. पंपघरात चार पंप, माणूस आत वाकून चालू शकेल एवढा जाड पाइप, दोन्ही हातांनी फिरवायची चाकं असलेले व्हॉल्व्ह आणि एक टेबल. टेबलावर तक्ता. दाब किती, टाकीची पातळी किती, मोटर किती करंट खाते, हे दर तासाला त्यात भरायचं आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. भावजींचा शेरा ठरलेला असतो : नॉर्मल. हा शब्द त्यांनी इतक्या वेळा लिहिलाय की पंपघरात त्यांचं नावच नॉर्मलराव पडलं.

गोम अशी, की आठ तासांचा हा तक्ता भावजी पाळीवर आल्या आल्या पहिल्या दहा मिनिटांत भरून टाकतात. ही विद्या त्यांना एका म्हाताऱ्या फिटरने दिली. म्हातारा म्हणायचा, “आधी कागद मोकळा कर, मग तू मोकळा.” आणि दुसरा धडा : “आकडा कधी गोल लिहू नकोस. गोल आकड्याचा साहेबाला वास येतो.” म्हणून भावजींच्या तक्त्यात दाब कधी चार नसतो. तीन पूर्णांक नऊ असतो, मग चार पूर्णांक एक, मग पुन्हा तीन पूर्णांक नऊ. इतका खरा दिसणारा कागद खऱ्या माणसालाही जमणार नाही.

कामात मात्र माणूस सोन्यासारखा. पाइपावर तळहात ठेवून ते पंपाची तब्येत सांगतात. एखादं बेअरिंग कोरडं पडायच्या बेतात असलं तर त्यांना अर्धा दिवस आधी कळतं. कागद साहेबासाठी, कान पंपासाठी, अशी त्यांची वाटणी होती आणि तिने गावाचं कधी वाईट झालं नाही.

वाईट झालं ते आमच्या ताईचं.

नऊ वर्षांपूर्वी भावजींच्या छातीत जळजळ सुरू झाली. आधी महिन्यातून एखाद्या वेळी, मग आठवड्यातून, मग रोज. आंबट पाणी घशाशी यायचं, सकाळी आवाज बसलेला असायचा, आडवं पडलं की खोकला. एकदा छातीत इतकं दाटून आलं की शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, “नॉर्मल आहे.” तशाही अवस्थेत भावजींच्या चेहऱ्यावर व्यावसायिक समाधान दिसलं, असं ताई सांगते.

मग गुलाबी औषधाची बाटली आली आणि ती हत्यारांच्या पेटीत पान्याशेजारी राहायला लागली. मग कॅप्सूल आली. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची होती. भावजी ती जेवणानंतर घ्यायचे, कारण “आग लागल्याशिवाय बंब कशाला?” तीन वर्षं त्यांनी बंब असा उशिरा पाठवला.

आणि या सगळ्याचं कारण काय, तर ताईचा स्वयंपाक. हे कोणी ठरवलं नाही, आपोआप ठरलं. भावजी छातीवर हात ठेवून म्हणायचे, “आज जरा तिखट झालं होतं का गं?” एवढंच. ओरडणं नाही, ताट सरकवणं नाही. पण त्या ‘जरा’ने घर पोखरलं. ताईच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “तुझा हातच जड आहे.” मी, तिचा सख्खा भाऊ, चार माणसांत म्हणालो होतो, “ताईच्या हातचं जेवायचं तर विमा काढून यावं.” सगळे हसले. तीही हसली. तो विनोद आठवला की आता माझ्याच छातीत जळजळ होते, आणि तिच्यावर कॅप्सूल नाही.

ताईने भांडण केलं नाही. तिने डबे उचलले. स्वयंपाकघरात ओट्यावर फळी आहे आणि फळीच्या वर, छताला लागून, माळा. पहिल्या वर्षी लाल तिखटाचा डबा स्टुलावर चढून माळ्यावर गेला. मग मिरी. मग लसणाची टोपली, मग चिंचेची बरणी. लिंबू घरात येईना, टोमॅटो येईना, कढई खुंटीवरून उतरेना. दर वेळी पंधरा दिवस बरं वाटल्यासारखं व्हायचं आणि मग भावजींचा हात छातीवर जायचा. ताई माळ्याकडे बघायची. नऊ वर्षांनी फळीवर मीठ, हळद, साखर आणि चहाचा डबा एवढेच राहिले. चहा भावजींनी कधीच सोडला होता. ताईचा तो एकच शौक : सकाळी सगळे उठायच्या आधी एक कप, खिडकीपाशी उभं राहून.

शेवटी मीच भावजींना पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे घशातून दुर्बीण घातली. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला थोडी सूज आहे, आणि श्वासाच्या पडद्यात जिथून अन्ननलिका पोटात उतरते ते भोक सैल पडलंय, त्यातून जठराचा थोडा भाग वर सरकतो. कॅप्सूल दोन वेळा, जेवणाआधी, दोन महिने. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पोट कमी करा. भावजींनी पलंगाखाली पाइपाचे तुकडे घातले आणि सहा किलो वजनही उतरवलं. जळजळ निम्मी झाली, पण आंबट पाणी वर यायचं थांबेना. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला सर्जनबाईंकडे पाठवलं.

सर्जनबाई हातात पेन असल्याशिवाय बोलत नसत. कागदावर नळी काढून म्हणाल्या, “अन्न खाली जातं. ते उलटं येऊ नये म्हणून इथे निसर्गाने एक...”

“नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह,” भावजी म्हणाले.

“तसंच समजा. तुमचा सैल झालाय.”

“मग सीट बदलायची की पॅकिंग?”

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. मग दोघांचं असं जमलं की ताई आणि मी पाहुणे. बाईंनी सांगितलं : पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून, आत कॅमेरा घालून, ते सैल भोक टाके घालून आवळायचं, मग जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. पूर्ण वेढा किंवा अर्धा वेढा. अन्ननलिकेची खाली ढकलायची ताकद मोजून ते ठरवायचं, कारण ताकद कमी आणि वेढा घट्ट असेल तर घास अडकतो. काही ठिकाणी चुंबकाच्या मण्यांची कडी बसवतात, तोही एक मार्ग आहे. नंतर काही आठवडे पातळ अन्न, पोट फुगल्यासारखं वाटतं, ढेकर सहज येत नाही.

“ढेकर नाही?” भावजी जरा विचारात पडले. “बरं. चालेल.”

“पण त्याआधी मला पुरावा हवा,” बाई म्हणाल्या. “जळजळ आम्लामुळेच होते याचा. नाहीतर मी वेढा घालीन आणि तुमची जळजळ तशीच राहील.”

पुरावा असा. सात दिवस कॅप्सूल बंद. मग नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडायची, तिचं दुसरं टोक कमरेच्या डबीला. चोवीस तास. डबीवर बटणं : जेवलो, आडवा झालो, जळजळ झाली. शिवाय सोबत एक छापील तक्ता, त्यात वेळ आणि तक्रार लिहायची. नेहमीचा दिवस घालवा, कामावर जा, काही लपवू नका, असं नर्सने सांगितलं.

छापील तक्ता. तासांचे रकाने. शेवटी शेरा.

पुढे काय झालं ते मला भावजींनी नंतर सांगितलं, पण कुणालाही कळावं इतकं ते सरळ आहे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी कागद टेबलावर होता, हाताशी पेन होतं, आणि सव्वीस वर्षांची सवय होती. दहा मिनिटांत कागद मोकळा. एक वाजून दहा, जेवण. एक सत्तेचाळीस, जळजळ. तीन अठ्ठावन्न, खाणं. चार बत्तीस, किरकोळ. आठ पन्नास, जेवण. नऊ अडतीस, जळजळ. असं करत सहा जळजळी. एकही आकडा गोल नाही. आणि प्रत्येक जळजळ जेवणामागून, कारण नऊ वर्षं ते तसंच म्हणत आले होते.

एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण भावजी कर्तव्यदक्ष. दुसऱ्या दिवशी नाकात नळी घालून ते पंपघरात गेले. सोबतचे म्हणाले, “नॉर्मलराव, सोंड फुटली की काय?” एक सत्तेचाळीस झाले तेव्हा त्यांनी घड्याळ बघून बटण दाबलं. जळजळ तेव्हा नव्हती. ती होती अकराला, जेव्हा ते दोन नंबरच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवायला कमरेत वाकले होते. पण अकराला तक्त्यात काही नव्हतं, म्हणून त्यांनी बटण दाबलं नाही.

निकालाच्या दिवशी सर्जनबाईंनी आलेख टेबलावर पसरला.

“तक्ता फार छान भरलाय,” त्या म्हणाल्या. “इतका नेटका पेशंट मी पाहिला नाही. पण आमच्या हाती काही लागत नाही. आम्ल वर येतंय, ते काठावर आहे, धड कमी नाही, धड जास्त नाही. अशा वेळी आम्ही बघतो की त्रास आणि आम्ल एका वेळी होतात का. तुम्ही सहा वेळा बटण दाबलंय. सहाही वेळा आम्ल नव्हतं.”

“म्हणजे?” ताईने विचारलं.

“म्हणजे ऑपरेशनने फायदा होईल असं मी म्हणू शकत नाही. अन्ननलिकेच्या नसा हळव्या असतील. एक वेगळी गोळी देऊन बघू. बुधवारी या, सुरू करू. आणि खाण्याकडे पुन्हा एकदा नीट बघा. यांची प्रत्येक तक्रार जेवणानंतरची आहे.”

ताईने पदराच्या टोकाला बोटाने गाठ मारली. भावजी आलेखाकडे बघत होते. त्या आलेखात अकरा वाजता एक सुळका होता, सरळ उभा. त्यांना तो ओळखू आला होता.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि सवयीने म्हणालो, “ताई, चहा टाक.”

“चहा बंद केला,” ती म्हणाली. “घरातूनच.”

“भावजी कुठे पितात चहा?”

“मी प्यायले की वास येतो ना. डॉक्टर म्हणाल्या ना, पुन्हा बघा. आता बघण्यासारखं एवढंच उरलं होतं.”

तिने मला गरम पाणी दिलं. मी भावजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

जिना उतरताना ते माझ्या मागून आले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभे राहिले आणि सगळं सांगितलं. तक्ता, सत्तेचाळीस, अकरा वाजताचा सुळका.

“ती चहाचा डबा वर ठेवत होती,” ते म्हणाले. “स्टूल डुगडुगतं, तर मी धरलं. तिने डबा माळ्यावर सारला, आणि मी खाली स्टूल धरून उभा. बोललो नाही. म्हटलं पडेल बिडेल.”

“भावजी, सांगून टाका.”

“काय सांगू? नऊ वर्षं तुझ्या जेवणावर ढकललं आणि तपासायची वेळ आली तेव्हाही कागदावर तेच ढकललं? तेही न जळता?”

“हो. असंच सांगा. वेगळे शब्द शोधत बसू नका.”

ते बराच वेळ कठडा चाचपत राहिले, पाइपावर हात ठेवतात तसे. मग म्हणाले, “तूही विम्याचा विनोद करायचास.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

बुधवारी आम्ही चौघे त्या खोलीत होतो. बाईंनी नव्या गोळीची चिठ्ठी लिहायला घेतली.

“डॉक्टर, लिहू नका,” भावजी म्हणाले. “तो तक्ता मी आदल्या दिवशी भरला होता.”

बाईंचं पेन थांबलं. “कोणता भाग?”

“सगळा. बटणंसुद्धा तक्त्याप्रमाणे दाबली. जळजळ झाली होती ती वेगळ्याच वेळी. अकराला, वाकल्यावर. चारच्या सुमाराला बूट बांधताना. दुपारी लवंडलो तेव्हा. जेवणानंतर...” इथे त्यांनी ताईकडे बघितलं नाही. “जेवणानंतर काही नव्हतं. मी ते सवयीने लिहिलं.”

बाईंनी पेनाला टोपण घातलं.

“तुम्हाला कल्पना आहे का,” त्या शांतपणे म्हणाल्या, “की तुमचे अंदाज चुकून बरोबर आले असते, तर त्या अंदाजावर मी तुमचं पोट उघडलं असतं? आणि आता हवं असलेलं ऑपरेशन नाकारलं. दोन्हीकडून मीच तोंडघशी.”

“हो.”

“नळी पुन्हा घालावी लागेल.”

“घाला. दोन घाला.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ताई बाकावर बसली. मग म्हणाली, “मला वाटायचं माझ्या हातातच काहीतरी आहे. मीठ घालतानाही मी चिमटीतलं निम्मं डब्यात परत टाकायचे, माहितीये? मिठाला घाबरायचे.”

“अगं...”

“आत्ता नको,” ती म्हणाली. “आधी खरा कागद येऊ दे.”

चहाचा डबा त्या दिवशी खाली आला नाही. भावजी स्टुलावर चढायला गेले तर ती म्हणाली, “राहू द्या.” ही शिक्षा होती की नाही, हे भावजींना विचारायचा धीर झाला नाही. पुढचे पाच आठवडे तिने सकाळी खिडकीपाशी उभं राहून गरम पाणी प्यायलं, आणि भावजींनी रोज ते पाहिलं, कारण आता तेही लवकर उठायचे.

दुसऱ्या खेपेचा तक्ता मी पाहिलाय. तो पाहवत नाही. अक्षर वेडंवाकडं, एक नोंद ग्रीसच्या बोटाने पुसलेली, दोन समासात, आणि एके ठिकाणी अकरा वाजता सरळ अकरा. त्या दिवशी त्यांच्या तक्त्यात गोल आकडे होते. सतरा नोंदी. ‘दोन नंबरचं चाक, वाकलो, जळजळ.’ ‘चप्पल शोधायला पलंगाखाली वाकलो, आंबट पाणी.’ ‘जेवण. अर्धा तास वाट बघितली. काही नाही.’ ती वाट बघण्याची नोंद नर्सलाही नको होती, पण त्यांनी केली.

सतरापैकी चौदा वेळा आलेखात सुळका होता. जेवणानंतरच्या अवघ्या दोन.

“आता बोलता येईल,” सर्जनबाई म्हणाल्या. “अन्ननलिकेची ताकद चांगली आहे, पण वाकायचं काम आहे आणि गिळताना अडायला नको, म्हणून अर्धा वेढा घालू. भोक आवळू.”

“आणि जेवण?” ताईने विचारलं.

“काही जणांना काही पदार्थ त्रास देतात. पण यांचं दुखणं त्या सैल भोकाचं आहे. तुमच्या स्वयंपाकाचं नाही.”

“हे लिहून द्याल?”

“कशासाठी?”

“जाऊबाईंना दाखवायचंय.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “आणि यालाही.”

बाईंनी खरंच लिहून दिलं, चिठ्ठीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह. ताईने तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. जाऊबाईंना तिने तो अजून दाखवलेला नाही. मला दाखवला. दोनदा.

ऑपरेशन दीड-दोन तासांचं झालं. दुसऱ्या दिवशी भावजी चालायला लागले, तिसऱ्या दिवशी घरी आले. खांदा दुखतो म्हणाले. पोटात भरलेल्या हवेने दुखतो, उतरेल, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. पातळ, गाळलेलं, कोमट, चमच्याचमच्याने, असं महिनाभर चाललं. आंबट पाणी मात्र त्या दिवसापासून वर आलं नाही. ढेकरही नाही. ढेकरेची त्यांना आठवण येते, असं ते एकदा म्हणाले, एखादा जुना सहकारी बदलून गेल्यासारखं.

ते घरी आल्यावर दहाव्या दिवशी मी गेलो तर ताई स्टुलावर उभी होती आणि भावजी खालून स्टूल धरून होते. जड उचलायला त्यांना बंदी होती. स्टूल धरायला नव्हती. माळ्यावरून एकेक डबा खाली येत होता, तो ओट्यावर मी मांडत होतो. ताईने तिखटाचा उघडला. लाल तिखट विटकरीसारखं झालं होतं, त्याला वास उरला नव्हता. मिरीत किडे. चिंचेचा दगड. तिने एकेक डबा शांतपणे केराच्या टोपलीत पालथा केला. नऊ वर्षं जपून ठेवलेलं सगळं टाकायच्या लायकीचं झालं होतं. भावजी ते बघत होते आणि स्टुलावरचा हात काढत नव्हते, ती खाली उतरून कधीची ओट्याशी उभी असूनही.

“सोडा आता ते,” ती म्हणाली.

त्यांनी सोडलं. “मी बाजारातून नवीन आणतो.”

“तुम्हाला दोन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही.”

“थोडं थोडं आणीन. रोज.”

चहाचा डबा तेवढा शाबूत होता, काही आठवडेच वर गेलेला. तिने दोन कप चहा टाकला, तिचा आणि माझा. भावजींना अजून परवानगी नव्हती. ती कप घेऊन खिडकीपाशी गेली.

भावजी टेबलाशी बसले. दवाखान्याने घरी भरायला एक तक्ता दिला होता : काय घेतलं, किती, त्रास काय. त्यांनी घड्याळ पाहिलं, दुपारचे चार दहा झाले होते, आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर कागद ताईपुढे धरला. पूर्वी असं कधी केलं नव्हतं.

ताईने वाचलं : ‘४.१०. घरात चहाचा वास. जळजळ नाही. फार वर्षं उशीर झाला.’

“हे कुठल्या रकान्यात लिहिलंत?”

“शेऱ्याच्या.”

“डॉक्टर विचारतील ना, हे काय म्हणून.”

“विचारू देत,” भावजी म्हणाले. “घडलं तेव्हाच लिहिलंय.”

ताईने चहाचा घोट घेतला. कागद परत देता देता तिने त्यांच्या खिशातलं पेन काढलं, ‘फार’ या शब्दाखाली एक रेघ मारली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.